हाकेची शिकवणी

कुत्रा अखेर रमतगमत आला, तसा भोंग्यांनी पट्ट्याचा एक फटका त्याच्या पाठीत ठेवून दिला.

“आत्ता सुचलं होय रे, गाढवा?”

कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाई मैदानाच्या कडेने पुढे आल्या.

“का मारलंत?”

“कधीचा बोंबलतोय मी!”

“पण आला ना? उशीर झाला हे त्याला कळत नाही. आलं की मार बसतो, एवढंच कळतं. उद्या तो येणारच नाही.”

भोंगे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात हयात गेली आणि तोच आवाज घरीही आला, म्हणून शेजाऱ्यांनी केलेलं बारसं. बायको गेल्यापासून घरात ते आणि लेकीने मागे ठेवलेला ढब्बू, एवढेच. परवा ढब्बू फाटकातून निसटला आणि ट्रकखाली येता येता वाचला. लेकीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, “बाबा, रविवारी येते. हाकेला येत नसेल, तर मी त्याला घेऊन जाईन.” तो गेला, तर बोलायला भिंतीच उरणार होत्या.

मग भोंगे शिकले. खिशात बिस्किटाचे तुकडे, हाक एकदाच आणि तीही हळू. ढब्बू वाटेतल्या प्रत्येक खांबाची विचारपूस करत आला, तरी राग गिळून मानेवरून हात फिरवायचा. पहिल्यांदा “शाब्बास” म्हणताना त्यांना चक्क लाज वाटली. पण शनिवारपर्यंत ढब्बू धावत येऊ लागला.

रविवारी लेक सकाळी यायची, ती दुपार कलली तरी पत्ता नाही. जेवण झाकून ठेवलेलं. भोंगे फाटकाशी येरझारा घालत होते आणि नेहमीचे शब्द जिभेवर तयार होते. आत्ता सुचलं होय? झाली वाटतं बापाची आठवण? ती यायची, हे ऐकायची, आणि पुढच्या खेपेला आणखी उशिरा यायची. या वेळी तर वर्ष होत आलं होतं.

गाडी थांबली. लेक उतरली आणि पिशवी छातीशी धरून फाटकाबाहेरच उभी राहिली. मान किंचित खाली, बोलणी खायच्या तयारीत. मार खाल्ल्यावर ढब्बूही असाच लांब उभा राहायचा.

भोंग्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खिशातल्या हातात बिस्किटाचा भुगा झाला.

“आलीस?” ते हळूच म्हणाले. “बरं झालं आलीस.”

लेकीने चमकून वर पाहिलं. पिशवी तिथेच टाकून ती धावत आत आली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावला.

“बाबा, बरं नाहीये का तुम्हाला?”