दोन अंगठ्यांचा खेळ

"दादा, खाली बघ! अरे खाली, पायाशी!"

हेडफोनमधून धाकटा भाऊ ओरडत होता आणि दादा आभाळ बघत होता. खाली बघायचं म्हणून त्याने कंट्रोलरची उजवी दांडी पुढे ढकलली होती. त्याची उमेदीची सगळी वर्षं गोदीतल्या क्रेनवर गेलेली. तिथे दांडी पुढे ढकलली की हूक खाली जातो, मागे ओढली की वर येतो. खेळात सगळंच उलटं. डोक्याला ते कळलं होतं, अंगठ्याला पटत नव्हतं.

"मेलास," धाकटा म्हणाला. "परत."

लहानपणी हे दोघे कोपऱ्यावरच्या दुकानात खेळत, तेव्हा चार दिशांची एक फुली आणि दोन बटणं एवढाच कारभार होता. आता दोन दांड्या, त्या वरून दाबल्याही जातात. समोर चार बटणं, पाठीमागे आणखी चार. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची. जन्मभर मान मानेनेच वळवलेल्या माणसाने करावं काय? दांडी उलटी करायची सोय आहे म्हणे. ती शोधायला गेला, तर खेळाची भाषाच बदलून बसला.

पण सोडायची सोय नव्हती. हिवाळ्यात धाकट्याची बायको आजारपणात गेली. तेव्हापासून तो दूरच्या शहरात दार लावून बसला होता. फोन उचलत नसे. उचललाच तर "बरा आहे" म्हणून ठेवून देई. बोलायचा तो फक्त या खेळात, सोबत खेळणाऱ्याशी. म्हणून दादाने खेळाचं जुनं यंत्र विकत आणलं होतं. दर रविवारी दुपारी तो त्यासमोर बसे आणि आतून नुसता तळमळत राही.

"भावोजी बोलले का काही?" बायकोने विचारलं.

"मेलास म्हणाला."

"आणि?"

"आणि परत मेलास म्हणाला."

दादाने सरावाचा धडाका लावला. जेवताना, बसमध्ये, अंथरुणावर अंगठे चालूच. शेवटी अंगठे वळणावर आले आणि भलतंच झालं. शुक्रवारी लोखंडी पेटी खाली उतरवायची होती, तर त्याने दांडी मागे ओढली. पेटी सरसर वर चढली. खालचा इशारेवाला हातवारे करत किंचाळला, "अहो, झोपलात का काय?" कुणाला काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून दादाने सराव बंद केला.

रविवारी धाकट्याने आल्या आल्याच सांगितलं, "दादा, आज शेवटचं हं. पुढच्या वेळेपासून मी दुसरं कुणीतरी बघतो. तुलाही कशाला उगाच त्रास?"

खेळ सुरू झाला. दादाचे अंगठे गेले पुन्हा जुन्या सवयीवर आणि पडद्यावर आभाळ आलं. या वेळी त्याने दांडी सोडूनच दिली.

"हल की!"

"नाही हलत. तू ये इकडे."

पावलं वाजत जवळ आली, थांबली. "काय दिसतंय तुला?"

"आभाळ."

मग धाकटा म्हणाला, "हॉस्पिटलात खिडकीतून तिला एवढंच दिसायचं, दादा. म्हणायची, उशी उंच कर, मला रस्ता बघायचाय. मी म्हणायचो, डॉक्टर रागावतील. करायला हवी होती रे मी उंच." त्याचा आवाज फाटला. पण तो थांबला नाही. बांध फुटावा तसा बोलत सुटला.

तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं उमटली: तुम्ही खेळत नाही आहात, तुम्हाला बाहेर काढण्यात येत आहे. शेजारचे आकडे भराभर उतरू लागले. दादाला वाटलं, यातून बाहेर फेकलं गेलं तर धाकटा परत बोलायचा नाही. त्याला खात्रीने येत होतं असं एकच बटण होतं, उडीचं. त्याने ते दाबलं. अक्षरं गेली. त्याने पुन्हा दाबलं.

"उड्या कसल्या मारतोयस?" धाकट्याने नाक ओढत विचारलं.

"तू बोल. मी आहे."

धाकटा बोलत राहिला. दादा एका अंगठ्याने बटण दाबत राहिला, आणि पडद्यावरचं आभाळ खाली-वर, खाली-वर होत राहिलं.