मागचं-पुढचं

घोडपदेवच्या चाळीत वसंत पारध्याच्या घरी रोज तिन्हीसांजेला वचन काढलं जाई. म्हणजे काय, तर डोळे मिटायचे, बायबल मध्येच कुठेतरी उघडायचं आणि पानावर बोट टेकवायचं. बोटाखाली येईल तो देवाचा हुकूम, घरानं तो मुकाट पाळायचा. एकदा बोट उपासावर पडलं, तर भर तापात बायकोला उपाशी झोपावं लागलं. ही बायको, सुमेधा, नगरकडच्या एका उपदेशकाची लेक. तिचे वडील सांगत, "शास्त्र वाचावं ते मागचं-पुढचं बघून. कोण बोलतंय, कुणाला, कशासाठी." लग्नानंतर तिनं हे वसंताला एकदाच ऐकवलं आणि कानाखाली खाल्ली.

त्या संध्याकाळी मनाली, त्यांची कॉलेजातली लेक, उशिरा आली. मैत्रिणीकडे अभ्यास होता म्हणाली. वसंताच्या मित्रानं तिला लालबागला एका मुलाबरोबर वडापाव खाताना पाहिलं होतं. वसंतानं डोळे मिटले, बोट टेकवलं. आणि मेलं पडलं ते कुठे, तर छडी आवरणारा बाप लेकराचा वैरी, त्या ओळीवर.

"ऐकलंस? मी नाय बोलत, देव बोलतोय," म्हणत त्यानं कमरेचा पट्टा सोडला.

"पप्पा, नको!" मनालीनं तोंडावर हात धरले. बक्कल बोटांवर बसलं, काडकन आवाज झाला. सुमेधा मध्ये पडली तशी वसंतानं तिला केसांना धरून ओट्यावर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. चाळीत मदतीला धावणारे असतात म्हणतात, ते बहुधा दुसऱ्या चाळीत. पट्टा थांबला तो वसंताचा हात भरून आला म्हणून.

परळच्या हॉस्पिटलात मनालीच्या बोटांना प्लास्टर पडलं. जिन्यावरून पडली, असं सुमेधानं डॉक्टरला सांगितलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. घरी पाऊल टाकताच वसंत म्हणाला, "पोरगी अजून कबूल झाली नाय. उद्या परत वचन काढू."

मनालीला उभ्याउभ्या लघवी झाली. एवढी मोठी पोर ती. लादी पुसताना सुमेधानं ठरवलं, या घरात आता पोरीला हात लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी वसंत ड्युटीवरून आला, चटईवर आडवा झाला आणि घोरू लागला. सुमेधानं मनालीला शेजारी पाठवलं, दाराला कडी घातली. मग डोळे उघडे ठेवून तिनं बायबल उघडलं. हवं ते पान तिला ठाऊक होतं. वसंत वायरमन, त्याच्या पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर तिनं घेतला, फळीवरचा बत्ता घेतला आणि टोक त्याच्या कानशिलावर टेकवलं.

तो दचकून हलला. टोक कातडीत घुसलं, रक्त कानात ओघळलं.

"हलू नका. आजचं वचन मी काढलंय." तिनं वाचून दाखवलं. तंबूत झोपलेल्या सेनापतीच्या कानशिलात याएल नावाची बाई मेख ठोकते, पार जमिनीपर्यंत. "मी नाही बोलत हो. देव बोलतोय."

तिनं बत्ता उचलला.

"सुमे! येडी झालीस काय? ते लढाईतलं आहे! तो दुश्मन होता त्यांचा. मागचं-पुढचं बघ ना गं!"

बत्ता सणकन खाली आला. वसंताच्या कानाशेजारची लादी फुटली, कपची त्याच्या गालात शिरली. तो गुरासारखा ओरडला. आपल्याला खरंच त्याच्या डोक्यात घालायचा होता, हे सुमेधाला तेव्हा कळलं आणि ती स्वतःलाच भ्यायली. ऐन वेळी मनगट कसं वळलं, देव जाणे.

"काल मागचं-पुढचं कुठे गेलं होतं?" तिनं विचारलं.

वसंत नुसता रडत होता. तिनं पुस्तक त्याच्या छातीवर ठेवलं.

"मी मनालीला घेऊन शीव कोळीवाड्याला ताईकडे चाललेय. तुम्ही वाचा. पहिल्या पानापासून, सगळं. मधलं काही गाळू नका. तोवर आमच्या दारात यायचं नाही."

त्यानं पुस्तक उघडलं. आणि सवयीनं डोळे मिटले.

"डोळे उघडा," सुमेधा म्हणाली आणि बत्ता आपल्या पिशवीत टाकून बाहेर पडली.