सापसुरळीची जागा

भवानी पेठेतल्या बंदेनवाजनं बायकोला खूश करायचं ठरवलं, आणि नुकसान तिथूनच सुरू झालं. खातूनबी लेकीकडं, आयतकडं, अक्कलकोटला गेली होती. तेवढ्यात त्यानं मागच्या अंगणातले दगड, पालापाचोळा उचलायला लावून शहाबादी फरशी बसवून घेतली.

खातूनबी आली. फरशीकडं तिनं बघितलंच नाही.

"आयतचे अब्बा, दगडातली सापसुरळी कुटं हाय?"

"गेली. इषारी जनावर ते!"

"इख न्हाय तिला. सकाळी ऊन खात बसायची, मग दिवसभर मोगऱ्याखालचे किडे टिपायची. तुमच्यापेक्षा कामाची व्हती की."

दुसऱ्या दिवशी बंदेनवाजनं एक फरशी उखडली, दगड रचले, वर पाला पसरला आणि लांब बसून राहिला. मुंग्या आल्या, नाकतोडे आले. शेजारची मांजर येऊन दगडावर झोपली. सापसुरळी काही आली नाही.

खातूनबी चहा घेऊन शेजारी टेकली.

"दगड हलवताना कुठल्या अंगाला पळाली, ते तरी बघितलं का?"

"न्हाय. मी आत पलंगावर चढून बसलो व्हतो."

एरवी यावर खातूनबी पदर तोंडाला लावून हसली असती. आज तिनं नुसता कप पुढं केला.