खाली बसून पाहायचा मॉनिटर

शीला दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली, तेव्हा अन्वरभाईंना वाटले, पोरीला उन्हाची भोवळ आली.

“ताई, नीचे कायकू बैठे? तबियत ठीक है ना? स्टूल देऊ?”

“नको. तुमचा पडदा टेबलावरच राहू द्या. मी इथून बघते.”

“इथून? कंप्यूटर कोन इथून बघतं?”

“माझे आबा.”

पैठण गेटच्या गल्लीतल्या त्या दुकानात टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी चालू होते. डावीकडचा मोठा आणि स्वस्त. समोर उभे राहिले की झकास दिसायचा. खाली बसल्यावर मात्र त्यातले आभाळ काळवंडले आणि हिरवे डोंगर शाईत बुडवल्यासारखे झाले. शीलाने मान जरा उंचावली, रंग परत आले. खाली केली, गेले. स्वस्त पडद्यातला प्रकाश ठरावीक कोनातूनच नीट बाहेर पडतो, हे तिला बीएस्सीला फिजिक्स असल्यामुळे ठाऊक होते. आबा कोणत्या कोनात बसतात, हे घरात राहिल्यामुळे. शीलाचा बाप, बिरू धनगर, जन्मात खुर्चीवर टेकला नव्हता. “खुर्चीत बसलं की पाय दुसऱ्याचेच वाटतेत,” म्हणायचा.

“आता यात हे लावा,” म्हणत तिने पेनड्राइव्ह दिला.

त्यात मेंढरे होती. विद्यापीठात गवतांवर संशोधन करणारी तिची मैत्रीण सुकेशनी तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात फुलंब्रीकडच्या माळावर आबांच्या मागे हिंडली होती. मेंढरू कोणते गवत खाते आणि कोणते सोडते, ते टिपायला तिने चांगल्या कॅमेऱ्याने चित्रण केले होते. त्यानंतर पाऊस असा आलाच नाही. सलग दुसरे साल कोरडे गेले, माळावर चघळायलाही काडी उरली नाही. आबांनी सगळी मेंढरे विकली, आपल्या हाताने ट्रकमध्ये चढवली आणि शहरात मुकुंदवाडीला पोरीजवळ येऊन राहिले. आता ते एका नव्या इमारतीच्या बांधकामावर राखणीला जात. मेंढरांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

महिन्यापूर्वी शीलाने ते चित्रण त्यांना मोबाईलवर दाखवले होते. आबांनी मोबाईल हातभर लांब धरला, मग नाकाशी नेला.

“माझी नायत ही,” म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

तेव्हापासून बानाबाईच्या, शीलाच्या आईच्या, जिवाला घोर लागला होता. “मेंढक्याला सोताचं मेंढरू वळखू येईना, म्हंजी डोळं तरी गेले, नायतर मन तरी.” डॉक्टरांनी डोळे तपासले. लांबची नजर शाबूत होती. मग उरले मन, आणि तेच शीलाला सोसवले नव्हते. मोबाईलवर एकेक मेंढरू ज्वारीच्या दाण्याएवढे दिसते, त्यात कोण कुणाला ओळखणार? दोष पडद्याचा आहे, एवढे तिला आईला दाखवून द्यायचे होते. स्वतःलाही.

डाव्या मॉनिटरवर मागची मेंढरे कापसाच्या बोळ्यांसारखी दिसत होती.

“हा फुल एचडी आहे का नुसता एचडी?”

“एचडी म्हंजे एचडीच ना ताई.”

“मग शेजारच्यात कान कसे दिसतायत?”

अन्वरभाई वाकून पाहू लागले. उजवा मॉनिटर लहान होता, पण त्यात मागच्या मेंढीच्या कानाची खाचसुद्धा दिसत होती, आणि फरशीवरून पाहिले तरी माळ हिरवा तो हिरवाच राहत होता. मेंढरांचे बेंबाटणे दुकानभर घुमत होते.

“वो छोटा है, और महंगा भी,” अन्वरभाई म्हणाले. “बादमें मेरेकू बोलना नै.”

“नाही बोलणार. हाच बांधा.”

बोलायला घरी बानाबाई होतीच. “मोठा सोडून बारका आणला, आन पैसं जास्ती! शिकली म्हनं पोरगी.”

शीला शिकवायची त्या क्लासवाल्यांनी टाकून दिलेला जुना सीपीयू तिने पुसून ठेवला होता. मॉनिटर तिने पत्र्याच्या पेटीवर मांडला. संध्याकाळी आबा आले, पागोटे काढून खुंटीला अडकवले आणि भिंतीला टेकून खाली बसले. शीलाने चित्रण सुरू केले.

माळ दिसला. मेंढरे दिसली. त्यांची तोंडे उघडत होती, मिटत होती. आवाज मात्र नव्हता.

शीलाने बटणे दाबली. वायर काढून परत लावली. मॉनिटर फिरवून मागून पाहिला. मग तिला दुकानातल्या फळीवरचा काळा खोका आठवला. आवाज त्यातून येत होता. या मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

“एवढी खाली बसून बघून आली,” बानाबाई म्हणाली, “आन कान लावून नाय बघितलं?”

आबा पडद्याकडे पाहत राहिले. ओळखीची एक रेषही त्यांच्या तोंडावर उमटली नव्हती.

“थांबा आबा, इअरफोन हायेत माझे.” शीला आतल्या खोलीत गेली. पर्स उलटी केली. इअरफोनच्या वायरीचा गुंता झाला होता, तो ती सोडवत बसली.

आणि बाहेरून जीभ टाळ्याला लागल्याचा आवाज आला. टक्, टक्. मग घशातून निघालेला, लांबलेला—

“हुर्रर्र… हाऽऽ हुर्रर्र…”

शीला दारात येऊन थांबली. बानाबाई हातातला तांब्या तसाच धरून उभी होती. आबा गुडघ्यांवर पुढे सरकले होते, जवळजवळ पेटीला टेकले होते. पडद्याच्या कडेला, काठी घेतलेल्या, बोटाएवढ्या दिसणाऱ्या बिरूने हात वर केला आणि सगळ्या मेंढरांनी एकदम माना वळवल्या.

“बुट्टी फुडं,” आबा हलकेच म्हणाले. “तिच्यामागं तांबडी. हां. कातऱ्या कानाची… ये माय, ये.”

कळप वळून पडद्याबाहेर जाऊ लागला. एकेक करत सगळी गेली. मोकळा माळ तेवढा राहिला.

“टिकली ऱ्हायली,” आबा म्हणाले. “तिला नेहमी उशीर.”

त्यांनी पुन्हा हाक घातली, या वेळी बारीक, फक्त एकीसाठी. शीलाने इअरफोन बोटांभोवती गुंडाळले आणि ती आबांच्या शेजारी खाली बसली. तिघेही मोकळ्या माळाकडे पाहत राहिले. मग पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून, तोंडात गवताची काडी धरून, कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक मेंढी सावकाश चालत आली.