मी कोट नव्हे, स्कूटरची गोधडी

हसा, हसा! अंगावर लाल फुलं, दोन आखूड बाह्या आणि पोटात कापूस. मी स्कूटरची गोधडी बोलतेय. चीनमधल्या आमच्या हनान प्रांताच्या थंडीत प्रत्येक स्कूटरच्या पुढ्यात माझी एखादी बहीण बांधलेली असते. चालवणाऱ्याने बाह्यांत हात घालून हँडल धरायचं, गुडघे माझ्याआड घ्यायचे, मग वाऱ्याची काय बिशाद! पण माझ्या जिवाला जन्मापासून स्वस्थता ठाऊक नाही. वारा सुटला की फडफडते, नसला तरी आतून फडफडतेच.

मला शिवलं फान मावशीने. शाळेच्या शिक्षक-वसतिगृहाची ती राखणदारीण. तोंडाने फटकळ, हाताने उदार. शिवली लेकीसाठी, पण लेक नोकरीला गेली पार दक्षिणेत. "तिकडे म्हणे घामाच्या धारा लागतात. बस आता तू पेटीत!" असं म्हणून मावशीने झाकण आपटलं.

मग ओर्ला आली. आयर्लंडची पोर, इंग्रजी शिकवायला. तिच्याआधीचे परदेशी शिक्षक पहिल्याच हिवाळ्यात पळालेले. हिचीही बॅग दाराशी अर्धी भरलेलीच. सकाळी चार कपडे काढायची, संध्याकाळी पुन्हा कोंबायची. "हीसुद्धा जाणार," मावशी पुटपुटायची. तरी जिन्यात भेटली की विचारायचीच, "जेवलीस का गं?" ओर्ला कसंनुसं हसून मान डोलवायची, पोट रिकामं असलं तरी.

थंडी कडाडली तशी मावशीने मला ओर्लाच्या दाराच्या कडीला अडकवलं. शाळेने तिला बॅटरीची जुनी स्कूटर दिली होती ना, तिच्यासाठी. पण त्या पोरीला काय माहीत? तिने बाह्यांत हात घातले, मागे नाडी बांधली आणि मला कोट समजून थेट वर्गात गेली!

अगं बाई! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पोरं हसून बाकावर लोळायची तेवढी राहिली.

"टीचर, स्कूटर कुठाय?"

"टीचर, हॉर्न वाजवा की!"

खोलीवर येऊन तिने मला भिरकावलं आणि ढसाढसा रडली. मग आईला फोन केला. "शनिवारी निघतेय मी. इथे मी माणूस नाही गं, तमाशा आहे." माझ्या पायी झालं हे सगळं. जीव नुसता तुटत होता.

पातळ भिंती, रडणं मावशीला ऐकू गेलंच. पोरांना खडसावून तिने कारणही काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी खोलीच्या खिडकीतून बघते तर सगळी शाळा मैदानात कवायतीला उभी. ओर्ला साध्या स्वेटरमध्ये कुडकुडत होती. तेवढ्यात आमची मावशी आपल्या स्कूटरची जांभळी गोधडी अंगात चढवून, हातात किटली घेऊन, मैदानाच्या मधोमध चालत निघाली! पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"दात काय काढताय रे? थंडी वाजली, घातली! तुमच्या बापाचं काय जातंय?"

खुद्द मुख्याध्यापकांना हसू आवरेना. ओर्ला बघतच राहिली. मग धावत वर आली, मला अंगात घातलं आणि मावशीशेजारी जाऊन उभी राहिली. आता तीही हसत होती.

"जेवलीस का गं?"

"नाही," ओर्ला म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोलली. मावशीने तिला हाताला धरून नेलं आणि मिरीचं झणझणीत सूप प्यायला लावलं.

शनिवार आला नि गेला. ती काही गेली नाही. मला बांधून स्कूटर शिकली, एकदा भाजीवाल्याच्या कोबीत घुसली, शिव्याही खाल्ल्या. पण बॅग? ती मेली दाराशीच, अर्धी भरलेली. आज जाते की उद्या, या काळजीने माझ्या कापसाच्या गाठी झाल्या.

मग ऊन तापलं. गोधड्या आवरून ठेवायचे दिवस आले. धुऊन वाळलेली मी ओर्लाच्या हातात. मावशीला परत दिली, तर समजायचं संपलं सगळं. तिने दाराशी जाऊन बॅग ओढली. तिने आतले कपडे एकेक करून काढले, कपाटात लावले आणि मला बॅगेत कोंबलं. मी मुळातच जाडजूड! मावशी येऊन बॅगेवर बसली, तेव्हा कुठे चेन लागली.

"आता यात दुसरं काही मावायचं नाही हो," मावशी म्हणाली.

"नकोच मावायला," ओर्ला म्हणाली.

तेव्हापासून मी इथे आहे. अंधार आहे, गुदमरायला होतं. तरी हात जोडून सांगते बाबांनो, पुन्हा थंडी पडेपर्यंत ही चेन कुणी उघडू नका.