मास्तरांचा कॅमेरा कॉलरपाशी थांबायचा

कोणी म्हणजे कोणी यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवा असा आग्रहही नाही. पण गल्लीच्या टोकाला शिवणाचं दुकान चालवणाऱ्या मास्तरांनी पहिल्या महिन्यात जेवढे फोटो काढले, त्यांतल्या एकाही माणसाला डोकं नव्हतं.

कॅमेरा जावयाचा. त्याने नवा घेतला आणि जुना सासऱ्यांच्या गळ्यात अडकवला. सोबतचं माहितीपुस्तक मास्तरांनी डुगडुगणाऱ्या मशीनच्या पायाखाली सारलं आणि स्वतःचे स्वतः शिकायला बसले. बटण अर्धं दाबलं की पडद्यावरचा चौकोन हिरवा होतो, मग श्वास धरून पूर्ण दाबायचं. "पायडलसारखंच आहे की," म्हणाले, "आधी नुसता पाय टेकवायचा." खिडकीला पाठ करून बसलेला माणूस काळा का पडतो, हेही त्यांना फोटो पुसून पुसून उमगलं.

पण जन्माची सवय जाते कुठे? माणूस समोर आला की मास्तरांची नजर खांद्यावर उतरायची, शिवणीवरून चालत कॉलरपाशी यायची आणि तिथेच ठाण मांडायची. कापडाचा धागान्‌धागा असा लख्ख, की शेजारच्या पाववाल्याने स्वतःचा फोटो पाहिला आणि मुकाट्याने सदरा काढून उसवलेली बाही दुरुस्तीला टाकून गेला.

"हुबेहूब आलाय हो पाववाला," मास्तरांची बायको म्हणाली. "डोकं नाहीच."

थट्टा ठीक होती, पण मास्तरांना घोर लागला होता. लेकीचे दिवस भरत आले होते. बायको उद्या तिच्याकडे निघणार, ती बाळ रांगायला लागल्यावरच परतणार. घरात तिचा एकच फोटो, लग्नातला. त्यातली मुलगी गोड होती, पण मास्तरांची तिच्याशी तेव्हा नुकती ओळख झालेली. त्यांना हवी होती ती आत्ताची, डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारी.

बॅग भरून झाल्यावर त्यांनी तिला खिडकीसमोर बसवलं. एक फोटो काढला. स्वेटर. दुसरा काढला. स्वेटरच.

"अहो, स्वेटर मी घेऊन जाणारे. मागे चेहरा ठेवायचाय ना?"

"वर बघायला गेलं की नजर परत शिवणीवर घसरते गं."

"माझी सगळी मापं तोंडपाठ. नाक कुठे आहे, ते तरी ठाऊक आहे का?"

"आहे की. कॉलरच्या वर."

यावर ती अशी खदखदून हसली की मास्तरांची नजर चुकून वर गेली, आणि अडकली. तिच्या डोळ्यांच्या कडेला चुण्या पडल्या होत्या. बारीक, एकसारख्या, टोकाशी गोळा होऊन पंख्यासारख्या उलगडलेल्या. इतक्या सुबक चुण्या त्यांच्या हाताला कधी जमल्या नव्हत्या.

"या कुणी घातल्या?"

"तुम्हीच की," ती हसता हसता म्हणाली. "एकेक करून."

चौकोन हिरवा झाला.

निघण्याआधी तिने तो फोटो कॅमेऱ्यात दोनदा पाहिला आणि बॅग उचलली. पोहोचल्यावर संध्याकाळी फोन केला.

"जेवलात का?"

"जेवलो. तुझा फोटो मोठा करून आणलाय, मशीनच्या वर लावलाय."

"मोठा केल्यावर बरा दिसतो का?"

"बरा? अगं, भिंग लावून बघितलं, तर तुझ्या डाव्या बुबुळात मी उभा!"

"हो?"

"गळ्यात मापाची टेप. ओठांत सुई. सुईत दोरा, दोऱ्याला गाठ. आणि एवढुसा मी, तुझ्याकडे टक लावून बघतोय."

"थापा! त्या फोटोत माझे दोन्ही डोळे गच्च मिटलेत."