शिशाच्या काठाची जाळी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, खुशाल म्हणा. जुनी आहेच मी. पण चिंधी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. मी हातानं फेकून मासे धरायची जाळी आहे. खुंटीवर असते तेव्हा लोंबणाऱ्या परकरासारखी दिसते. पण जाणत्या हातातून सुटले की हवेत अशी गोल उघडते, की बघणाऱ्याच्या हातातला चहा थंड व्हावा.

मला बाजारातून आणलेली नाही. ज्या घरात राहते त्या घरच्या आईनं मला विणलं. होड्या ओढून ठेवायच्या दिवसांत ती उंबऱ्याशी बसायची, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि गाठीमागून गाठ मारत जायची. एखादं भोक तिच्या करंगळीपेक्षा मोठं झालं, तर सगळी ओळ उसवायची. शेजारीण म्हणायची, "अगं, एवढ्याशा भोकानं काय होतंय?"

"तुझ्या पदराला पडू दे एवढंसं, मग सांगते काय होतंय."

शेवटी तिनं माझ्या काठाला शिशाचे मणी ओवले. ते माझे दागिने, आणि माझे पायही तेच. त्यांच्या वजनानं मी झपकन तळाशी जाते आणि मासळी सावध व्हायच्या आत तिच्याभोवती मिटते.

वर्षातून एकदा तारली किनाऱ्याला लागते. तारली म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. तिचे थवेच्या थवे उथळ पाण्यात येतात, पाणी खालून उकळतंय असं वाटतं. तिला खायला तिच्यामागे सुरमई येते, आणि सुरमईमागे आमच्या होड्या. पण सुरमई मोठी नखरेल. मेलेल्या माशाकडे ढुंकून बघत नाही. गळाला जिवंत तारली लावावी लागते. ती धरून देणार कोण? मी!

आणि कौतुक कुणाचं होतं? गळाचं. सुरमई आली की तिच्याबरोबर फोटो काढतात आणि हातात गळ मिरवतात. मेला अंगानं वाकडा, पण ऐट केवढी! मी ओली, वाळूनं भरलेली, तिथंच पायाशी पडलेली असते. असू दे. चूल कुणामुळे पेटली ते चुलीला ठाऊक असतं.

धक्क्याच्या आतल्या कोपऱ्यात तारली सगळ्यांत दाट येते. तो कोपरा कुणाचा, याचा आमच्याकडे नियम आहे. हंगामाच्या पहिल्या सकाळी ज्या घरची जाळी सगळ्या होड्यांना जिवंत आमिष पुरवते, कोपरा त्या घराचा, पुढचा हंगाम येईपर्यंत. तीन फेकी रिकाम्या गेल्या की जाळी उचलायची आणि दुसऱ्या घराला जागा द्यायची. आईनं तो कोपरा कधी सोडला नव्हता. एक मणी दातात धरून, कमरेतून वळून ती मला फेकायची. त्यापायी तिचा पुढचा दात गेला, पण कोपरा गेला नाही.

मग तिचा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. मुलगा गळ टाकण्यात पटाईत, पण माझ्याशी त्याचं जमलं नाही. त्यानं फेकलं की मी गाठोड्यासारखी धप्पकन पडायची. राहिली सून. आईनं तिला परसात शिकवलं. लांब एक टोपली ठेवायची आणि ती माझ्या बरोबर मधोमध आली पाहिजे.

"सासूवर टाकतेयस असं समज," आई म्हणायची, "हात आपोआप सुटेल."

सून हसायची, आणि हात खरंच सुटायचा.

हंगामाच्या आदल्या दिवशी मुलानं मला मांडीवर घेतलं. बायकोला जड होऊ नये म्हणून एकाआड एक मणी काढून टाकला आणि कुणाला बोलला नाही. माया होती ती, मी नाही म्हणत नाही. पण मायेलाही डोळे असावेत.

सकाळी धक्क्याला होड्या रांगेनं उभ्या होत्या. सुनेनं मला फेकलं. काय उघडले मी! पण पाण्यावर पडले आणि वाळक्या पानासारखी हळूहळू बुडत राहिले. तारली खालून निसटली. दुसरी फेकही रिकामी. शेजारचे काका त्यांची जाळी खांद्यावर टाकून तयारच होते.

"काय गं सूनबाई, मासे धरतेयस की चादर वाळत घालतेयस?"

होड्यांवरचे सगळे हसले. मित्रांनो, अशी लाज मला कधी वाटली नव्हती. एकच फेक उरली होती.

आईनं माझा काठ उचलून चाचपला. "मणी कुठे गेले?"

मुलानं मान खाली घातली. "मी काढले. तिला जड झालं असतं म्हणून."

"जड? तुझी दोन्ही पोरं कडेवर घेऊन ती पाण्याचा हंडा आणते, तेव्हा नाही रे दिसत जड?"

सुनेनं एवढंच विचारलं, "आहेत कुठे मणी?"

"घरी, डब्यात."

घर लांब होतं आणि थवा कोपऱ्यातून बाहेर वळायला लागला होता. सून तडक आमच्या होडीत उतरली. तिथं नवऱ्याचे गळ तयार बांधून ठेवलेले होते, प्रत्येक दोरीला शिसं लावलेलं. तिनं सुरी घेतली आणि एकेक शिसं कापायला सुरुवात केली.

"अगं, माझे गळ!"

"आमिषच नसेल तर गळाला काय, मला लावणार?"

ती आणि आई, दोघी फतकल मारून बसल्या आणि ते शिसं माझ्या काठाला बांधलं. गळाचं शिसं माझ्या पायी आलं बरं का!

तिसऱ्या फेकीला सून थांबली. थव्याचं तोंड समोरून गेलं, तरी हललीसुद्धा नाही.

"अगं टाक की!" काका ओरडले.

"तिला शिकवू नका," आई म्हणाली, "तिची सासू अजून जिवंत आहे."

तोंडावर जाळी पडली तर अख्खा थवा उधळतो. शेपूट समोर येताच तिनं मला सोडलं. या वेळी मी दगडासारखी खाली गेले, सगळा काठ एकदम वाळूला टेकला आणि माझ्या पोटात हजार जीव धडधडायला लागले. वर आले तेव्हा दोघींना ओढवेना. मुलगाही दोरीला लागला.

घमेली भरली. एकेका होडीला जिवंत तारली मिळाली. काकांनी बादली पुढे केली. "सूनबाई, जरा जास्त घाल."

"घालते की, काका. चादरीत बऱ्याच अडकल्यात."

आमची होडी त्या दिवशी शिशाविना गेली, तरी रिकामी आली नाही. आणि कोपरा आमचाच राहिला. संध्याकाळी मुलगा तो डबा घेऊन सुनेपुढे बसला. "किती लावू?"

"सगळे."

तर मित्रांनो, आम्हाला गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, फाटलं तर त्याच दिवशी सांधा. आणि फारच दया आली, तर काही काढून घ्यायच्या आधी विचारा. तुम्ही ज्याला ओझं म्हणता ना, त्याच्याच जोरावर आम्ही तळ गाठतो.